भंगारातला सर्व्हर आणि आमच्या बातम्यांचं मशीन

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि विषय जरा तांत्रिक. पण मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या ग्रुपांवर सध्या दर दोन दिवसांनी एक प्रश्न येतोच. "दादा, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय, दुकानदार सत्तर हजार सांगतोय, काय करू?" प्रत्येकाला तेच उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सत्तर हजार का, ते आधी. गेल्या दिवाळीच्या आसपास रॅमचे भाव चढायला लागले. एआयची डेटा सेंटरं जगभरातली मेमरी उचलतायत, आणि मेमरी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच, त्यांनाही तिकडेच जास्त पैसा दिसतोय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सांगूनच टाकलं की 'क्रूशियल' नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं आम्ही बंद करतोय. त्याच्या दोन महिने आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ घ्या म्हणतात, पण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर ते अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे जुनं वापरायचं नाही आणि नवं परवडायचं नाही. मधल्या माणसाने करायचं काय?

मी जे केलं ते सांगतो. हे ज्या मशीनवर लिहितोय, त्याचा प्रोसेसर मार्च २०१० मध्ये बाजारात आला. इंटेल झिऑन एक्स ५६५०. घरच्या वापरासाठी नाहीच तो, सर्व्हरसाठी बनवलेला. तेव्हा त्याची यादीतली किंमत ९९६ डॉलर होती, म्हणजे त्यावेळच्या हिशोबाने ४५ हजारांच्या घरात. मला तो लॅमिंग्टन रोडवर दोन हजारांच्या आत मिळाला. दुकानदाराने एका डब्यातून काढून दिला. डब्यात तसे अजून पंधरा-वीस होते, सुटे, लाडवांसारखे एकमेकांवर रचलेले.

एवढा स्वस्त का? कारण सर्व्हरचं आयुष्य कंपन्या वर्षांत मोजतात. वॉरंटी संपली, देखभालीचा करार महाग झाला, नवं मशीन त्याच विजेत जास्त काम करायला लागलं, की चांगली चालती रांगच्या रांग एका दिवसात उतरवतात. आपली मुंबई-नवी मुंबई तर देशातलं डेटा सेंटरचं सगळ्यात मोठं केंद्र. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, चांदिवली, विक्रोळी, ऐरोली, महापे इथे डेटा सेंटरं उभी आहेत. पण उतरवलेला सर्व्हर आपल्या घरात चालत नाही. आवाज विमानासारखा, बोर्ड वेगळा, रॅम वेगळी. म्हणून गिऱ्हाईक नाही, म्हणून भाव नाही.

एक्स ५६५० ची गंमत अशी की, त्याच्या सॉकेटमध्ये घरगुती आय सेव्हनही बसायचा. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलने आय सेव्हन ९२० आणला, त्याच्यासोबत एक्स ५८ चिपसेटचे मदरबोर्ड आले. बायोस अद्ययावत केला तर यातले बरेच बोर्ड झिऑनलाही ओळखतात. असा एक बोर्ड माझ्याकडे आला अंधेरीहून. ओशिवऱ्याला एक मित्र मालिकांचं एडिटिंग करायचा. त्याने स्टुडिओचा गाळा सोडला तेव्हा म्हणाला, "कॅबिनेट घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देतोय." रिक्षाने अंधेरी स्टेशन, मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने मुलुंड. मेट्रोच्या सुरक्षा तपासणीत त्या कॅबिनेटचं काय काय झालं ते परत कधीतरी.

त्यात होता आय सेव्हन ९२०, चार कोअरचा. वॉर्डातली एखादी सभा, एखादी मुलाखत, वीस-पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला त्याला तास उलटून जायचा. झिऑन बसवला, सहा कोअर झाले, तेच काम चाळीस मिनिटांवर आलं. ओव्हरक्लॉक काहीही न करता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ओव्हरक्लॉकिंग माझ्या भाच्याने केलं. डोंबिवलीला असतो, डिप्लोमाला आहे, आणि या बाबतीत मामाचं ऐकत नाही. त्याने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. ढोल-ताशा पथक डोळ्यासमोर आणा. ताशेवाला लय धरतो, त्याच्यावर सगळे ढोल वाजतात. प्रोसेसरमध्येही अशी एक मूळ लय असते, तिला बेस क्लॉक म्हणतात, एक्स ५६५० साठी ती १३३ मेगाहर्ट्झ. प्रोसेसर तिच्या किती पट वाजणार, ते मल्टिप्लायर सांगतो. इथे २०. गुणाकार केला की २.६६ गिगाहर्ट्झ, कंपनीने सांगितलेला वेग. वजन पडलं की तो स्वतःच थोडा वर जातो, सहाही कोअर कामाला असताना २.९३ पर्यंत.

मल्टिप्लायरला कंपनीने वरच्या बाजूने कुलूप घातलेलं असतं. पण ताशाला कुलूप नव्हतं. लय १३३ वरून २०० केली की तोच २० चा मल्टिप्लायर ४ गिगाहर्ट्झ देतो. अडचण एवढीच की ताशा वाढला की सगळंच पथक धावायला लागतं, रॅमसुद्धा. तिचा हात तेवढा चालत नाही, ती चुकते, मशीन निळा पडदा दाखवून बसतं. म्हणून रॅमचं गुणोत्तर आधी खाली आणायचं, प्रोसेसरला व्होल्टेज थोडं थोडं वाढवून द्यायचं आणि प्रत्येक पायरीला तासन् तास ताण देऊन बघायचं. प्राइम ९५ नावाचा प्रोग्रॅम त्यासाठीच वापरतात. भाच्याचे दोन शनिवार त्यात गेले. आमच्या घरातले तीन डबे बेसनाचे लाडूही त्यातच गेले.

हा उद्योग नवा नाही. १९९८ मध्ये इंटेलचाच सेलेरॉन ३००ए आला होता, ३०० मेगाहर्ट्झचा, स्वस्तातला. लोकांनी त्याची लय ६६ वरून १०० केली आणि तो ४५० ला पळायला लागला, म्हणजे कितीतरी महाग प्रोसेसरच्या बरोबरीने. स्वस्त माल आणि महाग माल यांच्यातला फरक बऱ्याचदा कारखान्यात नसतो, कुलपात असतो, हे तेव्हा जगाला कळलं. कंपनीलाही कळलं. २०११ च्या जानेवारीत आलेल्या पिढीपासून लय १०० वर जवळजवळ बांधून टाकली. थोडी हलवली की बाकीचं सगळं कोसळतं. ज्याला वेग वाढवायचाय त्याने 'के' अक्षराचा महाग प्रोसेसर आणि त्याला जोडीचा महाग बोर्ड घ्यायचा. पुढे २०१५ च्या पिढीत तर सॉकेट तोच ठेवून साध्या बोर्डांवर झिऑन चालणंच बंद केलं. त्याला सर्व्हरचाच चिपसेट लागतो. तांत्रिक कारणं सांगतील हो, पण अनेक वर्षं जे चालत होतं ते एका पिढीत चालेनासं झालं, यावर माझं मत मी बनवलेलं आहे.

आता हिशोब, कारण प्रश्न खिशाचा आहे.

४ गिगाहर्ट्झला माझं चाळीस मिनिटांचं काम तिसावर आलं. दहा मिनिटं वाचली. किंमत? विजेचं गणित असं की वेग वाढला तेवढ्या प्रमाणात वीज वाढते, पण व्होल्टेज वाढवलं की ती वर्गाने वाढते. वेग छत्तीस टक्क्यांनी वाढला आणि प्रोसेसरची भूक जवळजवळ पाऊणपटीने. भिंतीच्या प्लगला मीटर लावून बघितलं, पूर्ण ताणावर अख्खं मशीन आधी २४० वॉट घ्यायचं, मग ३५० च्या आसपास गेलं. दिवसाला चार तास असं काम धरलं तर महिन्याला तेरा-चौदा युनिट जास्त. आमच्या मुलुंडला महावितरण, अंधेरी-बोरिवलीला अदानी किंवा टाटा. दर ज्याचे त्याचे वेगळे, पण सगळं धरून दहा रुपये युनिट पकडा, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये. परवडतं. पण माझी ६०० व्हीएची यूपीएस वीज गेल्याबरोबर बोंबलायला लागली, ती बदलावी लागली. मोठा कूलर घेतला. पॉवर सप्लाय चांगल्यातला घेतला, आणि यात मात्र काटकसर करूच नका. जुन्या बोर्डाला फुसका पॉवर सप्लाय लावून ओव्हरक्लॉक करणं म्हणजे जुन्या चाळीवर दोन मजले चढवणं.

शिवाय उन्हाळा. भाच्याने पौषात ४.२ पर्यंत नेलं होतं आणि मशीन मजेत होतं. एप्रिल संपता संपता आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पारा चढला आणि एक्स्पोर्ट नव्वद टक्क्यांवर येऊन अडकायला लागलं. रस्त्याच्या कामावरची बातमी त्या दिवशी रात्री साडेअकराला गेली. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून म्हटलं, खाली आण. आता लय १८०, वेग ३.६. वीज साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त, व्होल्टेज जवळपास मूळचंच, काम बत्तीस-तेहतीस मिनिटांत. त्यानंतर बंद पडलेलं नाही. जानेवारीतल्या पालिका निवडणुकीचं सगळं काम, २०१७ नंतर पहिल्यांदा झालेल्या, याच मशीनवर केलं. पंधरा तारखेचं मतदान, सोळाची मोजणी, दोन दिवस कॅबिनेट गरम होतं आणि मी पण.

म्हणून मत विचाराल तर, फायद्याचा मोठा वाटा ओव्हरक्लॉकचा नाहीच. तासावरून चाळीसवर आणलं ते दोन हजारांच्या जुन्या प्रोसेसरने, चाळीसवरून तेहतीसवर आणलं ते भाच्याच्या दोन शनिवारांनी. ज्याच्या घरात असा भाचा नाही, त्याने ताशाला हातच लावू नये. चिपळूणच्या एका मित्राचं साप्ताहिक आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या ऑफिसातली तिन्ही मशीन चिखलात गेली. नंतर त्याला आम्ही याच पद्धतीचं एक जोडून दिलं, पण मूळ वेगावर. तिथे रात्री बाराला अडकलं तर बघणार कोण? ते आजही चालतंय, अंक निघतोय.

अडचणीही सांगतो, नाहीतर म्हणाल दादा विकायला बसलेत. या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना नाहीत. काही नवी सॉफ्टवेअरं त्या शोधतात आणि मिळाल्या नाहीत की उघडतच नाहीत. बोर्डांना नवे बायोस येत नाहीत. मी लिनक्स टाकलंय, व्हिडिओला केडेनलाइव्ह वापरतो, मराठी टायपिंग त्यात आधीपासूनच आहे. पण छापील अंकाची पानं श्रीलिपीत लागतात, जुन्या फायली सगळ्या त्यातच, त्यासाठी विंडोजचं दुसरं मशीन ठेवलंय. त्याला इंटरनेट जोडत नाही. पेन ड्राइव्हने ने-आण करतो. गैरसोय आहे, नाही असं नाही.

आणि एक सावधगिरी. सध्या रंगीबेरंगी दिवे लावलेल्या काचेच्या कॅबिनेटमध्ये "नवा गेमिंग पीसी, २८ थ्रेड, ३२ जीबी रॅम" असं लिहून पोरांना विकलं जातंय. उपनगरातल्या एका दुकानात आमच्या शेजाऱ्यांनी असाच घेतला. घरी आणून बघितलं तर आत झिऑन ई५-२६८० व्ही ४, २०१६ चा. बोर्ड कुठल्यातरी बिननावाच्या कारखान्याचा. माल वाईट नाही, किंमत आणि पाटी खोटी. जुनं म्हणून घेतलं असतं तर निम्म्यात आलं असतं. वर त्याला सांगितलं होतं, "ओव्हरक्लॉक पण होतो." ई५-२६०० मालिकेतले प्रोसेसर कुलूपबंद असतात, होत नाही. ई५-१६०० मालिकेतला, म्हणजे १६५० वगैरे, तो बराचसा मोकळा आहे. घेताना प्रोसेसरच्या पाठीवरचा नंबर स्वतः वाचा. त्यावर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' कोरलेलं असेल तर तो चाचणीसाठीचा नमुना, विक्रीचा नव्हेच, ठेवून द्या. आणि या बोर्डांवर सर्व्हरची जुनी ईसीसी रॅम चालते, ती सामान्य बोर्डांत बसत नाही म्हणून आजच्या महागाईतही तुलनेने स्वस्त पडते. खरी बचत तिथे आहे.

हे झालं आपल्या घरातलं. आता गावातलं.

आपल्याकडे तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. इंजिनीअर येतो, खांब ठोकून बघतो, मग ठरतं की ही सी-१ म्हणजे अतिधोकादायक, की दुरुस्तीने चालेल. त्या ऑडिटमध्ये काय काय घडतं ते मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांना मी सांगायला नको. पण निदान बघतात तरी. कॉम्प्युटरला तेवढंही नाही. खात्यातली वर्षं भरली की सी-१.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात हजारावर उपकरणं वापरणारी संस्था 'मोठी ग्राहक' ठरते, तिने कचरा नोंदणीकृत माणसालाच द्यायचा. हे चांगलं आहे. साकीनाका-कुर्ल्याच्या गल्ल्यांत, दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला उघड्यावर बोर्ड जाळून आणि ॲसिडात बुडवून तांबं-सोनं काढणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांचं काय होतं, ते कुणी लपवलेलं नाही. पण नियमातली मेख बघा. रिसायकल करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं ते किती सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम काढलं त्यावर. दुरुस्त करून परत वापरात आणलं तर उत्पादकाची जबाबदारी फक्त पुढे ढकलली जाते. म्हणजे माझ्या टेबलाखालचा प्रोसेसर, जो आज बातम्या काढतोय, तो सरकारी हिशोबात फोडला असता तर जास्त उपयोगी ठरला असता.

कंपन्या आणि कार्यालयं कारण देतात माहितीच्या सुरक्षेचं. बरोबर आहे, हार्ड डिस्क फोडा, चुरा करा, कुणी अडवलंय? प्रोसेसर आणि रॅममध्ये वीज गेल्यावर तुमचं काही राहत नाही. डिस्क काढून उरलेलं मशीन पालिकेच्या शाळेत, वाचनालयात, एखाद्या अभ्यासिकेत का जाऊ नये, याचं उत्तर मला आजवर कुणी अधिकाऱ्याने दिलेलं नाही. "प्रोसिजर नाही" एवढंच ऐकलंय, तेही चहा पिताना.

चार वर्षं प्रशासक होते, विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. आता २२७ नगरसेवक आहेत. मी या आठवड्यात टी विभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देतोय. प्रश्न साधे आहेत. गेल्या पाच वर्षांत किती कॉम्प्युटर आणि सर्व्हर निकाली काढले? त्यांचं वय किती होतं? चालू स्थितीत किती होते, आणि ते कुणी तपासलं? कुणाला दिले, किती रुपयांना? डिस्क नष्ट केल्याची नोंद आहे का? एखादं तरी मशीन पालिकेच्या शाळेला गेलं का? तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं तर जसंच्या तसं इथेच टाकेन, नाही आलं तर अपील केल्याची पावती टाकेन.

घाटकोपरवाल्यांनी हाच अर्ज एन विभागाला द्यावा, अंधेरीकरांनी के पूर्व आणि के पश्चिमला, बोरिवलीकरांनी आर मध्यला. मसुदा तयार आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, बाकी नाव-पत्ता तुमचा. हवा असेल त्याने मेसेज करा, रात्री नऊनंतर पाठवतो. त्याआधी एक्स्पोर्ट चालू असतं.